पाहणारं कोणीच नाही, तर बहिणीचा खून कोर्टात सिद्ध होतो का?

धाकटा भाऊ

माझी थोरली बहीण मागच्या पावसाळ्यात गेली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मुलगा सहा वर्षांचा आहे, सध्या आमच्याकडे असतो. गाव मराठवाड्यातलं, नाव लिहीत नाही.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रे, पुढे ओसरी. त्या रात्री सासू-सासरे नणंदेच्या गावी गेलेले. घरात दाजी, ताई आणि पोरगं. दाजींचं म्हणणं असं की ते पोराला घेऊन ओसरीवर झोपले होते. पहाटे उठले तर आतल्या खोलीचं दार आतून बंद. धक्का मारून कडी तोडली, तर ताईने पत्र्याच्या लोखंडी अँगलला साडीने गळफास घेतलेला. त्यांनीच एकट्याने तिला खाली उतरवलं आणि भाड्याची गाडी बोलावून ग्रामीण रुग्णालयात नेलं. आम्हाला फोन आला तो ‘ताई सीरियस आहे, लवकर या’ एवढाच. पोचलो तेव्हा ती शवागारात होती.

पोलिसांनी आधी अकस्मात मृत्यूची नोंद केली. शवविच्छेदनाच्या वेळी डॉक्टरांनी मत राखून ठेवलं, व्हिसेरा तपासणीला गेला. नंतर अंतिम मत आलं: गळा आवळल्याने श्वास कोंडून मृत्यू. त्यानंतर खुनाचं, पुरावा नाहीसा केल्याचं आणि छळाचं कलम लागलं. दाजी तुरुंगात आहेत, दोषारोपपत्र दाखल झालंय, खटला सत्र न्यायालयात आहे.

गावात जो तो म्हणतो, पाहिलंय कोणी? सुटणार. त्यांच्याकडचे पाहुणे येऊन गेले. पोराच्या नावावर दोन एकर करून देतो, तुम्ही साक्षीला जरा सौम्य बोला, असं म्हणाले. वडील काहीच बोलत नाहीत. आई रोज विचारते, खरंच सुटणार का रे? मला उत्तर देता येत नाही.

एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की घरात नवराच होता, त्यामुळे काय घडलं ते आता त्यानेच सांगायचं, आपल्याला काही करायची गरज नाही. हे खरं आहे का? पोराने एकदा स्वतःहून सांगितलं की पप्पा मम्मीला मारत होते. त्याला कोर्टात उभं करावं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

निवृत्त सरकारी वकील

भाऊ, आधी तुमच्या आईसाठी उत्तर. पाहणारं कोणी नाही म्हणून खुनाचा खटला पडतो, हे खोटं आहे. चार भिंतींत केलेल्या खुनाला साक्षीदार ठेवून कोणी खून करत नाही. आपल्या न्यायालयांनी अशा कितीतरी खटल्यांत केवळ परिस्थितीजन्य पुराव्यावर जन्मठेप दिली आहे. मी बरीच वर्षं सत्र न्यायालयात सरकार पक्षाचं काम केलं आणि नवरा-बायकोच्या अशा प्रकरणांत प्रत्यक्षदर्शी मिळणं हा अपवादच असायचा.

आता तुमच्या ओळखीच्या वकिलांचं. त्यांनी अर्धं बरोबर सांगितलं आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच खटले हातचे जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ते ज्या कलमाबद्दल बोलत होते ते जुन्या पुरावा कायद्याचं १०६, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १०९. जी गोष्ट विशेषकरून एखाद्याच्याच माहितीतली आहे, ती सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर, असं ते कलम म्हणतं. पण १९५६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने शंभूनाथ मेहरा खटल्यात स्पष्ट केलं की गुन्हा सिद्ध करायचं सरकार पक्षाचं ओझं या कलमाने आरोपीच्या डोक्यावर जात नाही. आरोपी गप्प बसला, एवढ्यावर शिक्षा होत नाही. आधी आपण काही गोष्टी पक्क्या करायच्या, मगच त्याच्या गप्प बसण्याला किंवा खोटं बोलण्याला वजन येतं.

तुम्ही महाराष्ट्रातले, म्हणून महाराष्ट्रातलेच दोन निकाल सांगते. दोन्हींत बायकोचा मृत्यू आणि आरोपी नवरा. एकात तो सुटला, दुसऱ्यात जन्मठेप झाली.

पहिला शरद बिरदीचंद सारडा, १९८४. पुण्याचं प्रकरण, नवविवाहितेचा सायनाइडने मृत्यू. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. याच निकालात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं आली. त्यांना वकील मंडळी आजही पंचशील म्हणतात आणि देशातल्या प्रत्येक कोर्टात ती वाचली जातात. ज्या परिस्थितीवर निष्कर्ष काढायचा ती स्वतः पूर्ण सिद्ध झालेली हवी. ‘झालं असावं’ चालत नाही, ‘झालंच आहे’ लागतं. सगळ्या गोष्टी आरोपीच्या दोषाशीच जुळल्या पाहिजेत. त्या निर्णायक असाव्यात. दुसरी प्रत्येक वाजवी शक्यता त्यांनी बाद केली पाहिजे. आणि साखळी अखंड हवी.

त्या प्रकरणात मृत मुलीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुराव्यात आली होती. मेलेल्या माणसाने मृत्यूच्या परिस्थितीबद्दल आधी लिहिलेलं, सांगितलेलं कोर्ट विचारात घेऊ शकतं, हा आपल्याला फार उपयोगी मुद्दा आहे. तेव्हाचं कलम ३२, आता २६. पण त्याच पत्रांतून ती मुलगी किती खचली होती हेही दिसत होतं. आत्महत्या केलीच नसेल असं न्यायालयाला म्हणता आलं नाही, आणि संशयाचा फायदा आरोपीला गेला. म्हणून तुम्हाला मनापासून सांगते, ताईचे मेसेज, व्हॉइस नोट, वहीतलं काही असेल तर सगळं तपास अधिकाऱ्याला द्या. निवडून देऊ नका. ‘मला जगावंसं वाटत नाही’ असं तिने कधी लिहिलं असेल तर तेही. ते लपवलं आणि समोरच्याच्या वकिलाने उलटतपासात काढलं, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास जातो.

दुसरा निकाल त्रिमुख मारोती किरकन, २००६. तुमच्या मराठवाड्यातला. सासरच्यांनी सांगितलं, साप चावला. शवविच्छेदनात निघालं की गळा दाबला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली आणि म्हटलं की घराच्या आत गुपचूप झालेल्या गुन्ह्यात सरकार पक्षाकडून नेहमीइतक्या पुराव्याची अपेक्षा करता येत नाही. प्राथमिक जबाबदारी सरकार पक्षाचीच, पण घरात राहणाऱ्यांनीही मृत्यू कसा झाला याचा पटेल असा खुलासा दिला पाहिजे. खुलासा दिलाच नाही किंवा दिलेला खोटा ठरला, तर ती साखळीतली आणखी एक कडी होते.

आणखी एक कडी, हे नीट लक्षात घ्या. सारडा निकाल सांगतो की साखळी आधीच तुटलेली असेल तर आरोपीच्या खोटेपणाने ती जोडली जात नाही.

तर तुमच्या प्रकरणात आधी पक्क्या करायच्या गोष्टी या. मृत्यू खुनानेच झाला, हे डॉक्टरांच्या साक्षीतून यायला हवं. त्या वेळी दाजी घरात होते, हे कोण सांगणार ते बघा. ‘ते स्वतःच म्हणतात की’ यावर विसंबू नका, पोलिसांपुढे तपासात त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याविरुद्ध सहसा वापरता येत नाही. शेजाऱ्यांना काय म्हणाले, गाडीवाल्याला काय म्हणाले, रुग्णालयात ताईला कोणी आणलं आणि गळफास घेतला असं कोणी सांगितलं म्हणून नोंद आहे, हे कामाचं. ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदवहीतली ती ओळ दोषारोपपत्रात आहे का ते आजच बघा. अकस्मात मृत्यूची खबर कोणी दिली तेही बघा. त्या खबरीच्या वापरावर कोर्टात वाद होईल, पण ती कागदपत्रांत असायला हवी. आणि तिसरी गोष्ट, बाहेरून कोणी येणं शक्य नव्हतं. सासू-सासरे खरोखर परगावी होते याचा पुरावा लागेल, आणि गंमत नाही, हा पुरावा तुमच्याच बाजूचा आहे. घरात माणसं जितकी जास्त, तितकं १०९ कलम दुबळं पडतं.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यामुळे हुंडाबळीचं कलम लागू होत नाही, ते सात वर्षांच्या आतल्या मृत्यूंसाठी आहे. त्यातलं कायद्याचं गृहीतकही मग मिळत नाही. छळाच्या कलमाला मात्र अशी मुदत नाही.

तडजोडीचं एकच सांगते. खुनाचा गुन्हा तडजोडीने मिटत नाही, फिर्यादीने माफ केला तरी नाही. पाहुण्यांना हवा आहे तो तुमचा फितूर जबाब. पुन्हा आले तर तारीख, वेळ आणि नावं लिहून ठेवा, पोलिसांना लेखी द्या. पोराचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क त्याला कायद्याने जो आहे तो आहेच, त्यासाठी आईच्या मृत्यूबद्दल कोणी मऊ बोलायची गरज नाही.

मुलाबद्दल खाली वेगळं लिहीन, तो विषय नाजूक आहे. तोवर एवढंच करा, त्याला काहीही विचारू नका.

जिल्हा रुग्णालयातला डॉक्टर

मी शवविच्छेदनं करतो, म्हणून वैद्यकीय बाजू लिहितो. अहवाल पाहिलेला नाही, त्यामुळे तुमच्या ताईंबद्दल मत देत नाही. अहवालात काय शोधायचं ते सांगतो.

गळफासात शरीराचं वजन खाली ओढतं, त्यामुळे गळ्यावरचा व्रण साधारण तिरका, हनुवटीच्या जवळून कानामागे वर चढत जाणारा आणि गाठीच्या जागी तुटलेला असतो. मागून आवळलेल्या फासाचा व्रण आडवा, गळ्याच्या खालच्या भागात आणि बहुतेक वेळा पूर्ण गोल फिरलेला असतो. आवळण्याला जोर लागतो, म्हणून आतल्या स्नायूंत रक्त साकळलेलं जास्त दिसतं. हातांनी गळा दाबला असेल तर नखांचे ओरखडे, बोटांचे ठसे. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळेचा ओघळ दिसला तर तो जिवंतपणी लटकल्याची खूण मानतात.

हायॉइड नावाचं जिभेखालचं हाड मोडलं की नाही, यावर कोर्टात फार वेळ जातो. तरुण माणसात ते लवचीक असतं, गळा दाबूनही मोडत नाही. म्हणून ‘हाड शाबूत, म्हणजे खून नाही’ हा युक्तिवाद शास्त्राला धरून नाही.

मात्र हेही सांगायला हवं की पाय जमिनीला टेकलेले असताना झालेल्या गळफासात व्रण आडवा येऊ शकतो. रुंद, मऊ साडीचा व्रण तर कधी कधी अगदी पुसट असतो. त्यामुळे डॉक्टरचं मत बाकीच्या परिस्थितीशी ताडून बघतात. पोलिसांनी जप्त केलेली साडी डॉक्टरांकडे पाठवून ‘या साडीने असा व्रण शक्य आहे का’ असं लेखी विचारलं होतं का, आणि त्याचं उत्तर कागदपत्रांत आहे का, हे बघा. अँगल जमिनीपासून किती उंच, खाली स्टूल होतं का, ताईंची उंची किती, ही मापं घटनास्थळ पंचनाम्यात नसतील तर डॉक्टरही साक्षीत चाचपडतो. आणि हात, पाठ, कोपर यांवरच्या जखमांचा तक्ता नीट वाचा. झटापटीच्या खुणा गळ्यावर नसल्या तरी तिथे असतात.

मृत्यूची वेळ आम्ही तासांच्या पट्ट्यात सांगतो. नेमकी वेळ कोणी सांगत असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका.

फौजदारी वकील, बचाव पक्ष

मी बहुतेक आरोपींच्या बाजूने उभा राहतो. भाऊ, तुमचं दुःख समजतं, तरी समोरचा वकील काय करणार आहे हे तुम्हाला कळलेलं बरं.

सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ सालचा नागेंद्र साह निकाल तो पहिल्यांदा काढेल. बिहारमधलं प्रकरण. बायको जळालेली सापडली, शवविच्छेदनात गळा दाबल्याने मृत्यू निघाला, म्हणजे खुनाचा संशय सबळ होता. तरीही नवरा सुटला. घरात आई-वडील आणि इतर माणसंही राहत होती, आणि दोघांत वाद असल्याचा, इतर कुठल्याही परिस्थितीचा पुरावा सरकार पक्षाने आणला नव्हता. साखळीच नसेल तर नवऱ्याने खुलासा दिला नाही एवढ्यावर दोषी धरता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आणि हा निकाल योग्यच आहे, असं मी मानतो. घरात बायको मेली म्हणजे नवरा खुनी, असं धरून चाललो तर खरोखर आत्महत्या केलेल्या बाईचा नवराही आयुष्यभर तुरुंगात जाईल. अशी माणसं मी पाहिली आहेत.

दुसरं, तुमचा पोलीस जबाब. त्यात नसलेली गोष्ट तुम्ही कोर्टात पहिल्यांदा सांगितली की मी लगेच ओमिशन, म्हणजे जबाबातली वगळ, काढणार. नातेवाईक इथेच चुकतात. संतापाच्या भरात ‘तो रोज मारायचा, पाच लाख मागायचा’ असं वाढवून सांगतात आणि त्यामुळे खरी घडलेली मारहाणही खोटी वाटायला लागते. ताईने किती वेळा, कधी, कोणाला सांगितलं तेवढंच बोला. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा.

तिसरं, दाराची कडी. आरोपीची सगळी कहाणी त्या कडीवर उभी आहे. दार खरंच आतून बंद असेल तर खून करून बाहेर कोण कसा आला, हे सरकार पक्षाला सांगावं लागेल. मी बचावात असतो तर यावर दिवसभर बोललो असतो.

साक्ष दिलेली एक बाई

मावशीच्या खटल्यात माझी साक्ष झाली होती. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर समोरचे वकील तारखा विचारत होते, मी दोनदा ‘आठवत नाही’ म्हटलं, न्यायाधीशांनी तसंच लिहून घेतलं आणि काही बिघडलं नाही. जे पाहिलं ते सांगितलं. आधी सरकारी वकिलांना भेटून आपला जबाब एकदा वाचून घ्या, तो तुमचा हक्क आहे असं समजा. मला कोणी सांगितलं नव्हतं, मी तशीच गेले होते.

धाकटा भाऊ

सगळ्यांचे आभार. रात्री दोषारोपपत्र पुन्हा वाचून काढलं. रुग्णालयाच्या कागदावर ‘पतीने आणले, गळफास घेतल्याचे पतीने सांगितले’ असं आहे. आडव्या व्रणाचा उल्लेख आहे, उजव्या कोपरावर आणि पाठीवर खरचटल्याचंही आहे.

पंचनाम्यात अँगलची उंची आहे. दाराबद्दल फक्त ‘लाकडी, एकपाखी’ एवढंच. कडीबद्दल एक अक्षर नाही.

पण माझा चुलतभाऊ त्या दिवशी सकाळी पोलीस यायच्या आधी तिथे पोचला होता. त्याने मोबाइलवर खोलीचे फोटो काढले होते. आज नीट मोठे करून पाहिले. दाराची आतली कडी जागेवर आहे. कोयंडा चौकटीत सरळ आहे, खिळे निघालेले नाहीत, लाकूड फुटलेलं नाही.

आणखी एक. दाजींच्या फोनच्या नोंदींत पहिला फोन पहाटे चारच्या सुमारास त्यांच्या चुलत्याला आहे. गाडीवाल्याला फोन साडेपाचनंतर. १०८ ला फोनच नाही.

फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकू का, म्हणजे जपून राहतील?

निवृत्त सरकारी वकील

ग्रुपवर टाकू नका! कुठेही पाठवू नका. चुलतभावाला आत्ता फोन करून सांगा की तो मोबाइल विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही, फोटो कापायचे-रंगवायचे नाहीत. व्हॉट्सअॅपवरून गेलेल्या फोटोत तो कधी काढला याची आतली माहिती उरत नाही. मूळ फोटो मूळ मोबाइलमध्ये हवा.

आता पुढचं क्रमाने करा. चुलतभावाच्या सहीने तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की असे फोटो माझ्याकडे आहेत, मोबाइल जप्त करून न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवावा आणि माझा जबाब घ्यावा. पोच घ्या. एक प्रत सरकारी वकिलांना. दोषारोपपत्र गेल्यानंतरही पुढील तपास करता येतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३(९) त्यासाठीच आहे. खटला सुरू झाला असेल तर न्यायालयाची परवानगी लागते, म्हणून उशीर नको. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जालन्याच्या निवडणूक वादातल्या अर्जुन खोतकर निकालात ते अनिवार्य असल्याचं ठरवलं आहे. नव्या कायद्यात त्याचे दोन भाग आहेत, एक मोबाइल ज्याच्या ताब्यात होता त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, शिवाय फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा. हे राहिलं तर एवढा मोलाचा फोटो पुरावा म्हणून नोंदवून घेताना अडेल.

बचावाच्या वकील मित्रांनी कडीचा मुद्दा काढला म्हणून बरं झालं. दार तोडलं असं आरोपी म्हणतो आणि कडी शाबूत आहे, हे सिद्ध झालं तर त्याचा खुलासा खोटा ठरतो. डॉक्टरांचं मत, कोपरावरच्या आणि पाठीवरच्या जखमा, घरात इतर मोठं माणूस नसणं, या बाजूला भक्कम असतील तर हा खोटेपणा फार जड जाईल. तरी कोयंडा आधीपासूनच ढिला होता, सहज निघाला आणि नंतर कोणी बसवला, असंही समोरून म्हणतील. म्हणून ते दार, ती चौकट अजून तशीच आहे का, हे तपासातच बघायला हवं. तुम्ही स्वतः त्या घरात पाऊल टाकू नका.

आधी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली, यात तुमचं मोठं नुकसान झालंय. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद नव्या संहितेत आहे. पण पहिल्या दिवशी गुन्हाच नव्हता, म्हणून खोलीकडे गुन्ह्याची जागा म्हणून कोणी पाहिलं नाही. बायकांच्या अशा मृत्यूंत हे इतक्यांदा होतं की मला अजूनही त्याचा संताप येतो. तुमच्या चुलतभावाने त्या क्षणी फोटो काढले, हे फार शहाणपणाचं केलं.

फोनच्या नोंदी. मोबाइलचा टॉवर माणूस गावात होता एवढंच सांगतो, घरात की शेतात ते सांगत नाही. त्यामुळे त्यावर हजेरी सिद्ध होणार नाही. पण चारला चुलत्याला फोन, दीड तासाने गाडी, रुग्णवाहिकेला फोनच नाही, हे वर्तन आहे आणि वर्तन पुराव्यात घेता येतं. त्या चुलत्याचा जबाब झालाय का? तो फितूर होईल हे धरून चाला, तरी नोंदी कंपनीच्या अधिकाऱ्यामार्फत सिद्ध होतात.

फितूर साक्षीदाराबद्दल एक सांगायचं राहिलं. २०२४ साली अनीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलांना चांगलंच सुनावलं. दिल्लीतलं प्रकरण, नवरा आरोपी, पाच वर्षांची मुलगी साक्षीत फिरली. साक्षीदार फितूर जाहीर केल्यावर जुना जबाब फक्त वाचून दाखवायचा आणि खाली बसायचं, ही पद्धत न्यायालयाला मान्य नाही. सत्य बाहेर येईल असा उलटतपास घ्यायला हवा. शिक्षा तिथे कायम राहिली. तुमच्या सरकारी वकिलांवर खटल्यांचा ढीग असणार, म्हणून स्वतःचा वकील द्या. न्यायालयाच्या परवानगीने तो सरकार पक्षाला मदत करू शकतो, त्याच संहितेच्या कलम १८(८) च्या परंतुकाखाली. लेखी युक्तिवादही देता येतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या वकिलाकडून करून घ्या. आरोपीविरुद्धची प्रत्येक परिस्थिती त्याला शेवटच्या जबाबात प्रश्न म्हणून विचारली गेली पाहिजे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३१३, आता नव्या संहितेचं ३५१. कडी, कोपराची जखम, चारचा फोन, रुग्णालयातली नोंद, प्रत्येकाचा वेगळा प्रश्न. जे विचारलं नाही ते त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हेही सारडा निकालातलंच. किती चांगले खटले एवढ्याशा कारणाने अपिलात ढासळले आहेत. प्रश्नांचा मसुदा तुमच्या वकिलाने तयार करून सरकारी वकिलांना द्यावा, न्यायाधीशही तो पाहू शकतात.

आता मुलाचं. साक्षीदाराला कमीत कमी वय नाही. प्रश्न कळत असेल आणि समजून उत्तर देता येत असेल तर मूल साक्ष देऊ शकतं. २०२५ च्या बलवीर सिंह निकालात मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सात वर्षांच्या मुलीची आईच्या मृत्यूबद्दलची साक्ष सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली आणि उच्च न्यायालयाने सोडलेल्या बापाची शिक्षा पुन्हा कायम केली. पण तुमचा भाचा आजोळी राहतो, म्हणून त्याला पढवलंय असा आरोप होणार, शंभर टक्के होणार. त्यावर इलाज एकच. त्याला काही शिकवू नका, त्याच्यासमोर खटल्याबद्दल बोलू नका, ‘पप्पाने काय केलं सांग’ असं कोणाही पाहुण्यासमोर वदवून घेऊ नका. त्याचा जबाब दोषारोपपत्रात नसेल तर पुढील तपासाच्या त्याच अर्जात तो न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कलम १८३ खाली नोंदवण्याची विनंती करा. समुपदेशक सोबत असेल असं बघा.

आणि त्याची साक्ष घ्यायचीच असं मी म्हणत नाही. बाकीची साखळी त्याच्याशिवाय पुरी होत असेल तर सरकारी वकिलांशी बोलून त्याला वगळायचा विचार जरूर करा. त्याला बापाच्या समोर उभं राहावं लागेल आणि नंतरचं आयुष्यही जगायचं आहे.

धाकटा भाऊ

चुलतभावाशी बोललो, मोबाइल बंद करून कपाटात ठेवलाय. उद्या अर्ज घेऊन जातोय. मॅडम, खालच्या कोर्टातून सुटलेच तर सगळं संपलं का? सरकारने अपील केलं नाही तर?

निवृत्त सरकारी वकील

नाही. मृत व्यक्तीचा वारस किंवा पालक म्हणून निर्दोष सुटकेविरुद्ध तुमच्या घरच्यांना उच्च न्यायालयात अपील करता येतं, पूर्वी ३७२ चं परंतुक होतं, आता कलम ४१३. सरकारची वाट बघावी लागत नाही. तुमच्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाईल. पण अपिलात नवा पुरावा सहसा येत नाही, खाली जे कागदावर आलं त्यावरच सगळं चालतं. त्यामुळे उद्याचा अर्ज महत्त्वाचा. कपाटातल्या मोबाइलची बॅटरी चार्ज आहे आणि पासवर्ड लिहून ठेवलाय ना ते बघा, आणि ठाण्यात अर्ज घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने त्यांना आणि पोलीस अधीक्षकांना दोघांनाही पाठवा.